कानाडोळा आणि उतरलेली चेन

अंकासाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी विषयही सोबतच दिला होता: वाघ. वनखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडे वाघाच्या पाचपन्नास गोष्टी तरी असणारच, असा लोकांचा समज असतो. माझ्याकडे एकच आहे. एकदा नाल्यात पाणी प्यायला वाकलो आणि समोरच्या झुडपातून कोणीतरी गुरगुरलं. मी सायकल तिथेच टाकून पळालो. तो वाघ होता की रानडुक्कर, हे पाहायला थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी चौघांना सोबत घेऊन गेलो आणि सायकल आणली. संपादकांना ही गोष्ट पुरली नाही. मग मी म्हटलं, वाघ राहू द्या, मी एका शब्दावर लिहितो. त्यांनी लगेच शब्दमर्यादा सांगितली. निवृत्त माणूस शब्दांवर लिहितो म्हणाला की संपादकांनी घाबरावं, हे बरोबरच आहे.

शब्द आहे कानाडोळा. शब्दकोशात पाहिलं तर त्याच्यासमोर 'दुर्लक्ष' असं लिहिलेलं सापडतं. माझं या अर्थाशी भांडण आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात एकतीस वर्षं मी वनरक्षक होतो, आणि हे दोन शब्द एकच आहेत असं मानलं असतं तर पहिल्याच वर्षी नोकरी सोडून घरी बसलो असतो. त्यांच्यातला फरक मला नीट कळायला मात्र निवृत्तीच्या तोंडाशी यावं लागलं, तेही एका अंगठ्यामुळे. ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी धंद्याची माहिती. वनरक्षकाला लोक गार्ड म्हणतात. एका गार्डकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत सायकल दामटली तरी बीट पुरी होत नाही. काम काय, तर पाहणं. कुठे ताजं खोड दिसतं का, कुठे कुऱ्हाडीचा आवाज येतो का, कुठे धूर निघतो का. दिसलं की लिहायचं. गुन्ह्याचा एक छापील नमुना असतो, तो भरण्याला आम्ही पीओआर फाडणं म्हणतो. फाडला की गुन्हा झाला, कोर्टापर्यंत जाऊ शकतो.

गंमत अशी, की या जंगलात माणसं राहतात. त्यांचं सरपण जंगलातून येतं, भाजी जंगलातून येते, घराचा मयाल, म्हणजे आडवं लाकूड, जंगलातून येतो, पावसाळ्यात बांबूचे वास्ते, म्हणजे भाजीचे कोवळे कोंब, येतात. त्यातलं बरंचसं आता कायद्यानं त्यांच्या हक्काचं झालं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा नव्हतं. तेव्हा जे दिसेल ते सगळं लिहायचं ठरवलं असतं तर दुपारच्या आत अख्खं गाव आरोपी झालं असतं, पोलीस पाटलापासून सुरुवात करून. असा गार्ड गावात आला की त्याला कोणी पाणी विचारत नाही. आणि खरा चोर ट्रक घेऊन शिरतो तेव्हा त्याला कोणी खबरही देत नाही. उलट, काहीच न पाहणारा गार्ड असला तर चार वर्षांत जंगलात नुसती खोडं उरतात. या दोघांच्या मधून जी पायवाट जाते तिच्यावर आम्ही चालायचो.

ती पायवाट मला धोटेभाऊंनी दाखवली. धोटेभाऊ आमचे वनपाल, म्हणजे माझे वरचे. पोट सुटलेलं, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की माकडं झाड बदलायची. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं सायकलनं जात होतो आणि समोरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या सहा-सात बाया आल्या. मी नवीन, वर्दीची घडीही मोडली नव्हती. सायकल टाकून हात वर करणार, तेवढ्यात धोटेभाऊ खाली उतरले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.

"चेन उतरली," ते म्हणाले.

मी पाहिलं. चेन जागेवर होती.

"भाऊ, चेन त बसून आहे."

"तुही बी उतरली आहे. खाली बस."

मी बसलो. बाया आमच्या मागून गेल्या. एकीच्या पायातलं जोडवं दगडावर वाजलं, एक फिसकन हसली. त्या वळणाआड गेल्यावर धोटेभाऊंनी हात झटकले आणि मला विचारलं, "कोणाच्या मोळीत ओलं लाकूड होतं?"

मला काय माहीत? मी चेनकडे पाहत होतो.

"तिसरीच्या. धावड्याचं. उद्या तिच्या घरी जातो, चहा पितो अन् तिले सांगतो का वाळलं आण, ओलं तोडलं त चेन बसन माही. समजलं? चेन उतरवाची, पण डोळे उतरवाचे नाई."

कानाडोळा या शब्दाचा हा माझा पहिला धडा. पुढे ही युक्ती मी इतकी वापरली की माझ्या बीटमधल्या गावांत 'गार्डची चेन उतरली' हे एक बोलणंच होऊन गेलं. लग्नात जावयानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सासूनं पाहिलं नाही, तर सासूची चेन उतरली. पुढे मला मोटारसायकल मिळाली. तिची चेन झाकलेली असते, त्यामुळे पंचाईत झाली. मग मी प्लग साफ करायला बसायचो. गावाच्या बोलण्यात मात्र शेवटपर्यंत चेनच उतरत राहिली.

मध्ये दोन वर्षं मी सिरोंचाकडे होतो. तिकडे गोदावरी ओलांडली की तेलंगणा, आणि नदीच्या अलीकडेही निम्मं बोलणं तेलुगूत चालतं. तिथे एका सकाळी गवतानं भरलेली बैलगाडी अडवली. गवत गाडीला शोभेल एवढंच होतं, पण बैल मात्र डोंगर ओढत असल्यासारखे चालत होते. गवताखाली सागाच्या फळ्या निघाल्या. गाडीमागून स्कूटरवर तिचा मालक आला. पांढरा सदरा, तोंडात पान, स्वर असा की मी त्याचा हरवलेला भाऊच. म्हणाला, "चूसी चूडनट्टु पोनीयंडी, सार." सोबतच्या वॉचरनं मला अर्थ सांगितला: पाहून न पाहिल्यासारखं करा आणि जाऊ द्या.

मला ते शब्द फार आवडले. आपल्या कानाडोळ्याचा इतका नेमका अर्थ मला मराठी शब्दकोशातही सापडला नव्हता. मी त्याला ते दोनदा म्हणायला लावले, पाठ करून घेतले, आणि मग पीओआर फाडला. तो शेवटपर्यंत गोंधळलेला होता, कारण मी इतका खूश दिसत होतो. त्या दिवशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. जो मागावा लागतो, ज्यासाठी कोणी खिशाकडे हात नेतो, त्याला कानाडोळा म्हणू नये. त्याला दुसरे शब्द आहेत आणि ते सगळ्यांना माहीत आहेत.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा चामोर्शीजवळच्या एका गावात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचं रोवणं करायचे. आजोबांच्या काळातच आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतलेला. तरी बाजाराच्या दिवशी एक दुकानदार बाबांच्या डोक्यावरून पाहून त्यांच्या मागच्या माणसाला "काय देऊ?" असं विचारायचा. बाबा समोर उभे असायचे, आणि नसायचे. ते कधी भांडले नाहीत. मला नोकरी लागली, वर्दी घालून मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा मात्र ते म्हणाले, "आमच्याकडं लोकाईनं पाहून न पाह्यल्यासारखं केलं. तुह्या हाती आता ते आलं. तोंड फिरवाचं असन त फिरव बापू, पण आधी माणसाकडं पाहून घेत जाय."

मी हो म्हटलं. सोपं वाटलं मला ते तेव्हा.

आता झुनाबाई. गावाचं नाव लिहीत नाही. नोकरीतली शेवटची बारा वर्षं मी ज्या भागात होतो, तिथल्या एका टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, ही राहायची. गोंड घरातली, नवरा गेलेला, मुलगी धानोऱ्याकडे दिलेली, घरात एकटी. अंगानं काटकुळी, पण जिभेला धार. जंगलात, गावापासून कोसभर अंतरावर तिचं एक मोहाचं झाड होतं. बाहेरच्यांना हे कळत नाही, म्हणून सांगतो: झाड सरकारच्या जंगलात, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दुसरा कोणी त्याखालचं एक फूल उचलत नाही. झुनाबाईला ते झाड तिच्या सासूनं दिलेलं. दागिना म्हणून अंगावर काही नव्हतं, झाड होतं.

मोहफुलं पडतात होळीच्या आसपास, पहाटे. तेव्हाच झाडांची पानगळ होऊन खाली पातेऱ्याचा जाड थर साचलेला असतो. त्यात फुलं हरवतात. म्हणून बाया फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पातेरा पेटवून देतात. जमीन काळी होते आणि तिच्यावर पिवळसर फुलं लांबून दिसतात. युक्ती चांगली आहे, पण उन्हाळ्यातले कितीतरी वणवे या अशाच मोहाखालून निघतात. त्यामुळे मोहाखाली आग दिसली की गार्डनं ती विझवायची आणि पीओआर फाडायचा, असा नियम.

पहिल्या वर्षी धूर पाहून मी तिथे पोचलो, तेव्हा झुनाबाई आगीजवळ बसलेली होती. मी लांबूनच थांबलो. तिनं झाडाभोवती दोन हात रुंदीचं कडं खराट्यानं पार मातीपर्यंत झाडून काढलं होतं. दंव असतानाच पेटवलं होतं, म्हणजे आग सुस्त. हातात पळसाची ओली डहाळी. आग विझल्यावर तिनं उठून सगळीकडे फिरून, हाताच्या पाठीनं राख चाचपून पाहिली. एका ठिकाणी हात झटकला, तिथे डहाळी आपटली, पुन्हा चाचपलं. एवढ्या निगुतीनं आमच्या खात्यानंही कधी आग विझवली नाही. मी सायकल आडवी केली आणि पाठ करून चेनशी बसलो.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "विझली, गार्डभाऊ. तुही चेन बसली असन त जा आता."

आमची ओळख अशी झाली. पुढची पाच-सहा वर्षं हेच. ती पेटवायची, मी चेन उतरवायचो, ती विझवायची, मी चेन बसवायचो. मधल्या वेळात गप्पा, पण पाठमोऱ्या. तिनं मला पानावर चारं दिली, म्हणजे चारोळीची फळं, तीही मागून खांद्यावरून. एकदा मी विचारलं, "झुनाबाई, मी पाहून राह्यलो असतो त एवढी राख चाचपली असती का?" ती म्हणाली, "तू पाहून राह्यला त मी काऊन पाहू? तू तिकडं तोंड करते, म्हणून मले पाहा लागते." मी ते ऐकून हसलो होतो. कानाडोळ्याला दोन माणसं लागतात, एकानं तोंड फिरवायचं आणि दुसऱ्यानं तेवढंच डोळ्यात तेल घालून बसायचं, हे तिनं किती सरळ सांगितलं होतं.

मग मोटारसायकल आली. कामं वाढली. उपग्रह आकाशातून आग पाहू लागला आणि साहेबांच्या आणि आमच्या मोबाइलवर निरोप येऊ लागले: अमुक ठिकाणी आग, तपासा. उपग्रहाची चेन उतरत नाही. अर्थात झुनाबाईची छोटीशी सकाळची आग त्याला दिसत नसे. मी आता झाडापर्यंत जायचो नाही. वळणावर गाडी थांबवायची, रस्त्याकडे तोंड करायचं आणि ओरडायचं, "विझली का वो?" तिकडून आवाज यायचा, "विझलीऽऽ." मी गाडीला किक मारायचो. असं तीन-चार वर्षं चाललं. मला वाटत होतं, मी तोच जुना कानाडोळा करतो आहे.

माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. दुपारी एक वाजता मोबाइल वाजला. निरोपात आकडे होते, अक्षांश-रेखांश. ते नकाशावर टाकून पाहायची गरज पडली नाही. सकाळीच त्या वळणावरून "विझलीऽऽ" ऐकून आलो होतो.

वारा सुटला होता. आम्ही पोचलो तेव्हा आग झाडाखालून निघून नाल्याच्या काठानं वर चढली होती. वॉचर होते, गावातले लोक धावून आले होते, सगळ्यांनी मिळून संध्याकाळपर्यंत ती आटोक्यात आणली. माणसाला इजा झाली नाही. पण दोन पावसाळ्यांपूर्वी याच गावच्या बायांनी आणि मी मिळून लावलेलं रोपवन जळालं. आवळा, बेहडा, बांबू, छातीपर्यंत आलेली रोपं. झुनाबाईही तिथे होती. पळसाची डहाळी घेऊन ती वेड्यासारखी झोडपत होती, पण जिथे झोडपत होती तिथे आग नव्हतीच. ती केव्हाच विझून पुढे गेली होती. मी तिच्यावर ओरडलो. "इथी का झोडपून राह्यली? घाबरली त घरी जा!" ती झोडपतच राहिली. मला वाटलं, म्हातारीचा धीर सुटला.

पुढचे आठ दिवस मी तिच्या घरावरून जाताना मान वळवली नाही. राग होता. तो कानाडोळा नव्हता. चामोर्शीच्या बाजारात बाबांना जे मिळायचं, ते मी तिला देत होतो. तेव्हा मला हे सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

मग मला नोटीस आली. आपण आपल्या कर्तव्यात दुर्लक्ष केल्याचे दिसून येते, तरी खुलासा सादर करावा. सोबत चौकशी. माझं फार बिघडणार नव्हतं, पण झुनाबाईचं बिघडणार होतं. आरोपी म्हणून तिचं नाव लागलं असतं तर कोर्टाच्या तारखा, आणि त्या झाडाखाली जायला कायमची बंदी. सासूनं दिलेलं झाड गेलं असतं. सहकारी म्हणाले, सोपं आहे, 'अज्ञात इसम' लिहा. आमच्या खात्यातला सर्वात मोठा गुन्हेगार हा अज्ञात इसमच. महाराष्ट्रातले निम्मे वणवे त्यानंच लावले असतील. मीही तेच लिहिलं.

चौकशीला वरचे साहेब आले. तरुण, चष्मेवाले, बोलणं पुण्याकडचं, पण माणूस शांत. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबल, त्यावर हिरवं कापड, सोबत एक बाबू लिहायला. गावातले दहा-बारा लोक जमिनीवर. साहेबांनी विचारलं, आग कशी लागली कोणाला माहीत आहे का? कोणी छताकडे, कोणी पायाकडे पाहू लागलं. सगळ्यांच्याच चेना उतरलेल्या. तेवढ्यात झुनाबाई भिंतीला हात लावत उठली.

"माह्या झाडाखालून गेली जी आग. मीच पेटवली होती."

मी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेन उचललं.

"गार्डनी तुम्हाला कधी अडवलं नाही?"

"त्या कागदात का लिहून हाय याच्याबद्दल?"

साहेबांनी नोटीस वाचून दाखवली.

"दुर्लक्ष म्हणजे का जी?"

साहेबांनी सोपं करून सांगितलं. "म्हणजे असं, की त्यांनी पाहायला हवं होतं, पण त्यांचं लक्षच नव्हतं."

झुनाबाई भडकली. "साफ खोटं हाय हे! याचं लक्ष नाई, असं कोण सांगितलं तुमाले? बारा साल झाले, दर साली येते हा. मोहाखाली आग दिसली का याची चेन उतरते. तिकडं तोंड करते, पण जात नाई. आग विझली म्हणून मी सांगतो, तवा चेन बसते याची. याले समदं मालूम असते!"

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, की दुर्लक्षाला ताकीद मिळते. जाणूनबुजून गुन्हा होऊ दिला, तर नोकरी जाते. बाईनं जीव तोडून माझी बाजू घेतली होती, आणि पुराव्यासकट मला लहान आरोपातून उचलून मोठ्यात बसवलं होतं. वर साक्षीदार म्हणून अख्खं गाव माना डोलवत होतं.

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मग ते बाबूला म्हणाले, "या पंख्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. बाईंनी पातेरा पेटवला, एवढंच लिहा."

पंखा बंद होता. गावात सकाळपासून लाइट नव्हती.

बाबूनं जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि शाईचं पॅड झुनाबाईपुढे सरकवलं. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि नीट, दाबून, टेबलाच्या हिरव्या कापडावर उमटवला. कागद एक वीतभर बाजूला होता.

"इथं नाही बाई, इथं," बाबू म्हणाला.

तिनं पुन्हा अंगठा दाबला. या वेळी अर्धा कागदाच्या कडेवर, अर्धा कापडावर. मग हसून म्हणाली, "कागद लई लहान हाय जी तुमचा."

मी जागेवरून उठलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिच्याकडे समोरून, जवळून मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती.

"झुनाबाई, कधीपासून दिसत नाई?"

"दिसते ना. सावली दिसते. तुही फटफटी आवाजावरून दिसते. दोन-तीन साल झाले असन."

"मले सांगितलं काऊन नाई?"

तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिला माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं. "तुले मालूम हाय असंच वाटलं मले. तुले त समदं मालूम असते."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना ते जमलं. मला नाही जमलं.

म्हणजे तीन वर्षं ती नुसती हातानं राख चाचपत होती. हाताला जेवढं लागेल तेवढंच विझवत होती, आणि नाल्याच्या बाजूच्या वाळक्या ओंडक्यात शिरलेला निखारा तिच्या हाताला लागला नव्हता. आग नसलेल्या जागी ती का झोडपत होती हेही आत्ता कळलं. मी वळणावरून विचारत होतो आणि ती तिकडून उत्तर देत होती. तोंड फिरवायचं ते माझं काम मी चोख केलं. आधी माणसाकडे पाहून घ्यायचं, ते राहून गेलं.

नोटिशीला उत्तर म्हणून मी दोन पानी खुलासा तयार करून ठेवला होता. मनुष्यबळ कमी, क्षेत्र मोठं, वारा जोराचा, वगैरे. तो खिशातच राहिला. बाबूकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं: माझ्याकडून दुर्लक्ष झाले. आरोप मान्य आहे.

साहेबांनी वाचलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, मी तुम्हाला सोडवतोय, आणि तुम्ही हे काय देताय?"

"साहेब, तुमचा शब्द बरोबर आहे," मी म्हटलं.

एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात माझ्या नावे एक ताकीद आहे. निवृत्तीच्या दिवशी बाबूनं ती दाखवून हळहळ व्यक्त केली. मला तिचं वाईट वाटत नाही. ज्याचं वाईट वाटतं ते त्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

झुनाबाईच्या जबाबाखाली साहेबांनी आपल्या अक्षरात लिहिलं: वय झालेले, दृष्टी अधू, हेतू दिसत नाही. कोर्ट टळलं, झाड राहिलं. ग्रामसभेनं ठरवलं की यापुढे कोणी मोहाखाली पेटवायचं नाही, खराट्यानं झाडायचं, आणि एकट्या बाईच्या झाडाखाली शेजारणींनी हात लावायचा. जळलेलं रोपवन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावलं. तो पावसाळा सरता सरता मी निवृत्त झालो.

त्याच्या आधीच मी तिला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मोतीबिंदू इतका पिकला होता, की डॉक्टर आधी माझ्यावरच रागावले. मुलगा समजले मला. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा मी खाटेजवळ उभा होतो. ती डोळे किलकिले करून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग नर्सला म्हणाली, "आवाज त गार्डभाऊचा होता. हा म्हातारा कोण हाय?"

नर्स इतकी हसली की तिच्या हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. मीही हसलो. मग झुनाबाईनं हात पुढे करून माझ्या पांढऱ्या केसांना लावून पाहिला, राख चाचपतात तसा, आणि म्हणाली, "मले बी मालूम नोहोतं रे."

या वर्षी होळीच्या आधी तिकडे गेलो होतो. मोटारसायकल मुलाला देऊन टाकली आहे, त्यामुळे सायकलनंच. तिथे आता नवीन गार्ड आहे, एक तरतरीत मुलगी, मोबाइलवर सगळं जंगल घेऊन फिरते. रस्त्यात भेटली, चहा पाजला. मी तिला चेनेबद्दल काही सांगितलं नाही. तिची तिला सापडेल.

वळणावर आलो. मोहाचं झाड एका अंगानं काळं पडलं आहे, पण कळ्यांचे घोस दोन्ही अंगांना सारखेच. झुनाबाई खाली खराटा मारत होती, दोन शेजारणी पातेऱ्याचे ढीग टोपलीनं बाहेर नेत होत्या. कुठे धूर नाही, काही नाही. तरी पायांना सवय. मी उतरलो, सायकल आडवी केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो.

मागे खराट्याचा आवाज थांबला.

"चेन उतरली का?"

"नाई."

"मंग तिकडं का पाहून राह्यला? नोकरी संपली ना तुही. इकडं पाह्य."

मी वळून पाहिलं. ती उन्हासाठी कपाळावर हात धरून, सरळ माझ्याकडे पाहत उभी होती.